लाल रेघ आणि दुसऱ्या पानावरचा नियम

निकालपत्रक तयार करताना नापासाच्या गुणांखाली लाल रेघ ओढण्याची पद्धत आपल्या शाळांत जुनी आहे. या रेघेमागे दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे विद्यार्थ्याला मिळालेले गुण आणि दुसरी म्हणजे उत्तीर्ण होण्यासाठी लागणारे किमान गुण. मिळालेले गुण पत्रकावर लिहिलेले असतात. किमान गुणांचा नियम मात्र तेथे नसतो. तो एखाद्या परिपत्रकात असतो, किंवा शिक्षकांच्या डोक्यात असतो. लाल पेन हातात घेतलेले शिक्षक या दोहोंची तुलना करतात आणि रेघ ओढतात. एका कागदावरचा आकडा आणि दुसऱ्या कागदावरचा नियम जोडण्याचे हे काम माणूस इतक्या सहजपणे करतो, की त्यात काही विशेष आहे असे आपल्याला वाटतच नाही.

संगणकाला मात्र हे काम जमायला बराच काळ लागला. घरगुती संगणकावरची पहिली यशस्वी स्प्रेडशीट १९७९ साली आली. एका पानावरच्या आकड्याला दुसऱ्या पानावरचा नियम पाहून आपोआप रंग देण्याची सोय एक्सेल या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या आज्ञावलीत थेट आली ती २०१० मध्ये. मधल्या ३१ वर्षांची ही गोष्ट म्हणजे ‘पत्ता’ या एका साध्या कल्पनेची गोष्ट आहे. आज बहुतेक शाळांची गुणपत्रके संगणकावर तयार होतात. तेव्हा ही गोष्ट आपल्या रोजच्या कामाशीही जोडलेली आहे.

खणाला पत्ता मिळाला

स्प्रेडशीट हा शब्द संगणकाच्या आधीचा आहे. हिशेबनिसांच्या मोठ्या वहीत समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेल्या कोष्टकाला इंग्रजीत हे नाव होते. असे कोष्टक संगणकाकडून मांडून घेण्याची कल्पना रिचर्ड मॅटेसिच यांनी १९६१ साली एका लेखात मांडली. ते हिशेबशास्त्राचे प्राध्यापक होते. पुढे १९६९ मध्ये रेने पार्डो आणि रेमी लँडाऊ यांनी मोठ्या कंपन्यांच्या अंदाजपत्रकांसाठी ‘लॅनपार’ नावाची प्रणाली तयार केली. एखाद्या खणातील सूत्र पुढे येणाऱ्या, अजून न काढलेल्या खणावर अवलंबून असले, तरी योग्य क्रम शोधून उत्तर काढणे हे तिचे वैशिष्ट्य होते. पण हे सारे मोठ्या संगणकांच्या जगात घडत होते.

सामान्य माणसाच्या टेबलावर स्प्रेडशीट आणली ती डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी. ब्रिकलिन हार्वर्डच्या व्यवस्थापनशाळेत शिकत होते. फळ्यावर मांडलेल्या मोठ्या कोष्टकातील एक आकडा चुकला, की प्राध्यापकांना त्यावर अवलंबून असलेले पुढचे सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत. हा अनुभव प्रत्येक गणितशिक्षकाच्या ओळखीचा आहे. एक आकडा बदलला तर बाकीचे आपोआप बदलावेत असा फळा करता येईल का, हा ब्रिकलिन यांचा प्रश्न होता. १९७९ साली ॲपल-२ या संगणकासाठी आलेली ‘व्हिजिकॅल्क’ हे त्याचे उत्तर होय.

व्हिजिकॅल्कच्या एकमेव पानावर ६३ स्तंभ आणि २५४ ओळी होत्या, म्हणजे १६,००२ खण. स्तंभांना अक्षरे आणि ओळींना क्रमांक दिलेले होते. नकाशाच्या पुस्तकात एखादे गाव ‘सी४ चौकोनात पाहा’ असे सांगतात, तसाच येथे प्रत्येक खणाला पत्ता मिळाला. (पडद्यावर ही अक्षरे रोमन लिपीत असतात, येथे ती देवनागरीत लिहिली आहेत.) सूत्रात आकडा न लिहिता पत्ता लिहायचा, हीच खरी युक्ती. ‘३५ + ४०’ असे लिहिले तर उत्तर ७५ वर थांबते. ‘बी२ + बी३’ असे लिहिले तर त्या दोन खणांत उद्या जे असेल त्याची बेरीज मिळते.

सूत्र दुसऱ्या खणात उतरवताना त्यातील पत्त्याने सरकायचे की जागेवर राहायचे, हा प्रश्न तेव्हाच आला. व्हिजिकॅल्क नक्कल करताना प्रत्येक पत्त्याबद्दल ‘बदल नको की सापेक्ष?’ असे विचारत असे. मिच केपोर आणि जोनाथन सॅक्स यांच्या ‘लोटस १-२-३’ या १९८३ सालच्या आज्ञावलीत स्थिर पत्त्यासाठी डॉलरचे चिन्ह वापरले जाऊ लागले. बी२ हा पत्ता सूत्राबरोबर सरकतो, तर $बी$२ हा जागचा हलत नाही. हा फरक लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

पत्ता पानाबाहेर गेला

पत्ता मिळाला, पण तो एकाच पानापुरता होता. घराचा क्रमांक असावा आणि गावाचे नाव नसावे, तशी ती अवस्था होती. एकच गाव असेपर्यंत काही अडत नाही. पण शाळेत इयत्ता दहावीच्या चार तुकड्या असल्या, तर चार पाने लागतात आणि पाचव्या पानावर एकत्रित निकाल लागतो. पहिल्या पानावरची बेरीज पाचव्या पानावर हाताने उतरवायची म्हणजे पुन्हा फळा आणि डस्टर आले.

मायक्रोसॉफ्टच्या १९८२ सालच्या ‘मल्टिप्लॅन’मध्ये वेगवेगळी पाने एकमेकांना जोडता येत. १९८५ मध्ये मॅकिन्टॉशसाठी आलेल्या एक्सेलमध्ये पत्त्याच्या आधी पानाचे नाव आणि मध्ये उद्गारचिन्ह लिहिण्याची पद्धत होती. त्या वेळी प्रत्येक पान ही स्वतंत्र फाइल असे. लोटसच्या १९८९ सालच्या तिसऱ्या आवृत्तीत एकाच फाइलमध्ये २५६ पर्यंत पाने ठेवता येऊ लागली. तेथे पानाच्या अक्षरापुढे अपूर्णविराम आणि मग खणाचा पत्ता लिहीत. १९९३ मधील ‘एक्सेल ५’ने खालच्या कडेला पानांची नावे असलेली वही रूढ केली. आज आपण पाहतो ती मांडणी हीच.

आता ‘नियम’ नावाच्या पानावर बी२ या खणात ३५ लिहून ठेवले आणि दुसऱ्या कोणत्याही पानावरच्या सूत्रात ‘नियम!बी२’ असे म्हटले, की तो आकडा तेथे पोचू लागला. एकच माहिती एकाच जागी ठेवावी आणि बाकी सर्वांनी त्या जागेचा पत्ता वापरावा, हे तत्त्व माहितीशास्त्रात फार महत्त्वाचे मानले जाते. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या माहितीसाठ्याच्या सिद्धान्ताच्या मुळाशीही हीच काळजी होती. कारण एक माहिती दोन जागी लिहिली, की एक ना एक दिवस त्यातली एक बदलते आणि दुसरी बदलायची राहून जाते.

रंगासाठी सूत्र

आतापर्यंत आपण आकड्यांबद्दल बोललो. लाल रेघेचे काय? हिशेबात ऋण रक्कम लाल शाईने लिहिण्याची प्रथा असल्यामुळे ऋण आकडा लाल दाखवण्याची सोय एक्सेलमध्ये लवकर आली होती. पण ‘अमुक अट पुरी झाली तर खणाचा रंग बदल’ असे सांगण्याची सर्वसाधारण सोय ‘एक्सेल ९७’मध्ये आली. तिला ‘कंडिशनल फॉरमॅटिंग’ म्हणतात. आपण तिला ‘अटीनुसार रंग’ म्हणू. एका खणाला जास्तीत जास्त तीन अटी लावता येत, आणि अट म्हणून सूत्रही लिहिता येई.

येथे एक विचित्र मर्यादा होती. साध्या सूत्रात दुसऱ्या पानाचा पत्ता चालत असे. अटीच्या सूत्रात तोच पत्ता लिहिला, की दुसऱ्या पानाचा किंवा वहीचा उल्लेख येथे करता येत नाही, असा निरोप पडद्यावर येई. आकडे पानाबाहेर जाऊ शकत होते. रंग मात्र आपल्या पानाच्या भिंतीआड होता. ‘एक्सेल २००७’मध्ये अटींच्या संख्येची मर्यादा गेली आणि रंगपट्ट्या व चिन्हे आली, तरी ही भिंत उभीच राहिली.

आकडा आणि रंग यांच्यात एक मूलभूत फरक आहे, तो येथे समजून घ्यायला हवा. आकडा ही खणाची किंमत आहे. त्यावर दुसरे सूत्र उभे राहते, त्यावर तिसरे. रंग ही किंमत नव्हे. अटीचे सूत्र तपासले जाते ते खण पडद्यावर रंगवण्यासाठी, आणि त्याचे उत्तर तेथेच संपते. ‘तो खण लाल आहे काय?’ असे दुसऱ्या साध्या सूत्राला विचारता येत नाही. रंगाकडे जाणारी वाट आहे, रंगाकडून पुढे जाणारी वाट नाही. त्यामुळे आकडा चुकला तर ती चूक कोठे तरी बेरजेत उघडी पडण्याची शक्यता असते; रंग चुकला तर त्याची बेरीजच नसते.

तीन आडवाटा

भिंत असली की माणसे आडवाटा शोधतात. येथे तीन सापडल्या आणि तिन्हींपासून शिकण्यासारखे आहे.

पहिली वाट दूताची. गुणपत्रकाच्याच पानावर कोपऱ्यात एक खण घ्यायचा, त्यात ‘=नियम!बी२’ लिहायचे, आणि अटीत या जवळच्या खणाचा पत्ता द्यायचा. साधे सूत्र भिंतीपलीकडे जाऊन आकडा आणते आणि अट तो घरातल्या घरात वाचते. ही वाट सर्वांत सोपी. धोका एवढाच, की कोपऱ्यातला तो एकटा आकडा निरर्थक समजून कोणीतरी पुसून टाकते.

दुसरी वाट नावाची. ‘नियम’ पानावरच्या बी२ या खणाला ‘किमानगुण’ असे नाव द्यायचे आणि अटीत नुसते ते नाव लिहायचे. नाव संपूर्ण वहीचे असल्यामुळे आज्ञावली अडवीत नसे. आमच्या मते तिन्हींत ही वाट उत्तम. कारण ‘बी४ < किमानगुण’ हे वाक्य पाच वर्षांनी उघडले तरी वाचता येते.

तिसरी वाट ‘इंडायरेक्ट’ या फलनाची. त्याला पत्ता अवतरणचिन्हांत मजकूर म्हणून द्यायचा. ते फलन तो मजकूर वाचून त्या जागी जाते. येथे एक सुंदर भेद दिसतो. साध्या सूत्रातील पत्ता जिवंत असतो. ‘नियम’ पानावर वर एक नवी ओळ घातली, तर बी२ मधील ३५ बी३ मध्ये सरकतात आणि सूत्रातील पत्ताही आपोआप बी३ होतो. अवतरणचिन्हांतील पत्ता मात्र पाकिटावर लिहिलेल्या पत्त्यासारखा असतो. माणूस घर बदलून गेला, तरी पाकीट जुन्याच घरी जाते. पानाचे नाव बदलले तर पाकीट कोठेच पोचत नाही आणि अट मुकाट्याने निकामी होते. २००६ मध्ये सुरू झालेल्या ‘गुगल शीट्स’मध्ये पुढे अटींना सूत्रे आली, तेव्हा तिच्या मदतपुस्तिकेनेही दुसऱ्या पानासाठी याच फलनाचा मार्ग सांगितला.

भिंत पडली तेव्हा

‘एक्सेल २०१०’मध्ये अटीच्या सूत्रात त्याच वहीतील दुसऱ्या पानाचा पत्ता थेट लिहिता येऊ लागला. गुणांच्या पहिल्या खणासाठी आता ‘=बी४<नियम!$बी$२’ असे लिहून भागते. दुसऱ्या वहीतला पत्ता मात्र या आवृत्तीतही स्वीकारला गेला नाही.

प्रश्न येथे संपत नाही. नव्या आवृत्तीत केलेली अशी वही २००७ किंवा त्याआधीच्या आवृत्तीत उघडली, तर दुसऱ्या पानावर अवलंबून असलेले रंग दिसतच नसत. एका शाळेत नवा संगणक आणि दुसऱ्या शाळेत जुना, ही स्थिती त्या काळात सर्वत्र होती. तेच गुण, तोच नियम. पण एका पडद्यावर तीन नावे लाल आणि दुसऱ्यावर सर्व पांढरी. पांढरा पडदा ‘माझा नियम हरवला आहे’ असे सांगत नाही. तो ‘सर्व उत्तीर्ण’ असे सांगतो.

डॉलरचे चिन्ह विसरण्याने होणारी चूक याच जातीची आहे. ‘=बी४<नियम!बी२’ असे लिहून ती अट पूर्ण स्तंभाला लावली, तर पहिल्या विद्यार्थ्याचे गुण बी२ शी, दुसऱ्याचे बी३ शी, तिसऱ्याचे बी४ शी ताडले जातात. ‘नियम’ पानावर बी३ रिकामा असला, तर रिकामा खण शून्य धरला जातो. शून्यापेक्षा कमी गुण कोणालाच नसतात. त्यामुळे पहिला विद्यार्थी सोडून कोणाच्याही नावावर लाल रंग येत नाही, आणि पत्रक छान दिसते! उलट चूकही होते. गैरहजर विद्यार्थ्याचा खण कोरा ठेवला, तर तोही शून्य धरला जाऊन लाल होतो. तेथे ‘गैरहजर’ असा शब्द लिहिला, तर तो लाल होत नाही, कारण तुलनेत मजकूर कोणत्याही आकड्यापेक्षा मोठा मानला जातो. म्हणजे परीक्षेला न आलेल्या दोन मुलांपैकी एक नापास दिसतो आणि दुसरा नाही, हे केवळ लिहिण्याच्या सवयीवर ठरते.

पत्ता चुकला की काय होते

ही सारी शाळेच्या पातळीवरची किरकोळ उदाहरणे आहेत, असे कोणाला वाटेल. म्हणून एक मोठे उदाहरण पाहू. २०१० मध्ये कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी एक निबंध प्रसिद्ध केला. देशावरचे कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांपेक्षा जास्त झाले, की विकासाचा वेग एकदम घसरतो, असा त्यातून अर्थ काढला गेला, आणि सरकारी खर्चात कपात करण्याच्या बाजूने अनेक देशांत त्याचा आधार घेतला गेला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने अभ्यासक्रमाचा भाग म्हणून ती आकडेमोड पुन्हा करून पाहिली. उत्तर जुळेना. मूळ लेखकांकडून एक्सेलची वही मागवल्यावर दिसले, की सरासरीच्या सूत्रात ओळ ३० ते ४९ ऐवजी ३० ते ४४ एवढाच पत्ता होता. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश सरासरीतून गळले होते.

हर्नडन आणि त्याचे प्राध्यापक मायकेल ॲश व रॉबर्ट पोलिन यांनी काढलेली सरासरी वाढ २.२ टक्के होती; मूळ निबंधात ती उणे ०.१ टक्का होती. या फरकाचा मोठा भाग काही वर्षे वगळण्यातून आणि देशांना दिलेल्या भारांकातून आला होता, पत्त्याच्या चुकीचा वाटा त्या मानाने लहान होता. तरीही ती चूक लेखकांनी मान्य केली. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की पाच देश गळूनही पडद्यावर काहीच विपरीत दिसत नव्हते. सरासरीच्या खणात एक नीटनेटका आकडा होता. कोणीतरी तो पुन्हा काढून पाहीपर्यंत तीन वर्षे गेली.

रंगाचा ताळा

आपल्या अंकगणितात बेरीज-गुणाकाराचा ताळा घेण्याची चांगली शिस्त आहे. रंगालाही ताळा हवा, आणि तो सोपा आहे. निकालपत्रक छापण्यापूर्वी ‘नियम’ पानावरचे किमान गुण ३५ ऐवजी १०१ करावेत. गुण १०० पैकी असल्यामुळे आता आकडा असलेला प्रत्येक खण लाल व्हायलाच हवा. जो झाला नाही, त्याच्यापर्यंत नियम पोचलेला नाही. मग तेथेच ० लिहावे. आता एकही खण लाल राहता कामा नये. जो राहिला, त्याच्या अटीत कोणीतरी पत्त्याऐवजी आकडा लिहून ठेवला आहे. दोन्ही ताळे जुळले, की पुन्हा ३५ लिहून पत्रक छापावे. या कामाला दोन मिनिटेही लागत नाहीत.

संगणक नसलेल्या वर्गातही हा पाठ घेता येईल. दहा विद्यार्थ्यांच्या हाती गुणांच्या चिठ्ठ्या द्याव्यात आणि शेजारच्या वर्गातील फळ्यावर किमान गुण लिहावेत. पाच विद्यार्थ्यांनी तो आकडा आपल्या चिठ्ठीवर उतरवून घ्यावा. उरलेल्या पाचांनी चिठ्ठीवर ‘शेजारच्या वर्गाचा फळा’ एवढेच लिहावे. मग फळ्यावरचा आकडा गुपचूप बदलावा आणि सर्वांना ‘तुमच्या चिठ्ठीवर जे लिहिले आहे त्याप्रमाणे उत्तीर्ण की अनुत्तीर्ण ते सांगा’ असे म्हणावे. आकडा उतरवून घेतलेल्यांची उत्तरे जुनी निघतील. उरलेल्यांना फळ्यापर्यंत जावे लागेल, पण त्यांची उत्तरे बरोबर येतील. आता शेजारच्या वर्गाच्या दारावरची पाटी बदलून पाहावी. फक्त पाटी वाचून वर्ग शोधणारा दूत कोठे जातो, ते विद्यार्थीच सांगतील.

संगणकाने ओढलेली लाल रेघ शिक्षकांच्या रेघेपेक्षा सरळ आणि झटपट असते. पण शिक्षक रेघ ओढण्यापूर्वी क्षणभर थांबत, नियम आठवत, मुलाचे नाव पाहत. संगणक थांबत नाही. त्याला दिलेल्या पत्त्यावर जे सापडेल, त्यावरून तो रेघ ओढतो. म्हणून तो पत्ता बरोबर आहे की नाही, हे पाहण्याचे काम आपलेच राहते. कारण त्या रेघेच्या वर एका मुलाचे किंवा मुलीचे नाव असते.